पाठविणारा हात

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्गाचे मूळचे नाव कर्झन रोड. या मार्गावर २०१३ साली नवे महाराष्ट्र सदन सुरू झाले आणि दिल्लीतील मराठी माणसाला जेवणाचे आणखी एक हक्काचे ठिकाण मिळाले. गेल्या हिवाळ्यात तेथील उपाहारगृहात स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक तरुण माझ्यासमोर बसला होता. मुलगा सालस. बोलता बोलता त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखविली. एका समाजाविषयी तीत जे म्हटले होते, ते येथे लिहिण्याजोगे नाही.

"हे तुला कोणी पाठविले?" मी विचारले.

"मामांनी. ते खोटे कशाला पाठवतील, काका?"

या उत्तरापाशी मी अडखळलो. माथी भडकविणारा मनुष्य कोणी तरी परका, काळोखात दडलेला असतो, अशी आपली समजूत असते. कधी तो तसा असतोही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार सुशिक्षित तरुण इराकला निघून गेले. त्यांच्या मनाची तयारी इंटरनेटवरून झाली, असे तपासात पुढे आले. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस शिवाजी महाराजांची विटंबना करणारी चित्रे फेसबुकवर आली आणि हातोहात पसरली. पुण्यात हिंसाचार झाला. २ जूनच्या रात्री हडपसर येथे नमाज आटोपून घरी परतणाऱ्या एका संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या चित्रांशी त्याचा काडीमात्र संबंध नव्हता. खटल्यातील आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले.

मग या माध्यमांच्या यंत्रणेचा दोष नाही काय? आहे, आणि मोठा आहे. ज्या मजकुरापाशी मनुष्य थबकतो, चिडतो, प्रत्युत्तर देतो, तसलाच मजकूर ती त्याच्यापुढे पुनःपुन्हा वाढते. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्याच एका संशोधकाने भारतात एक चाचणी खाते उघडले व यंत्रणा सुचवील ते पाहात जायचे ठरविले. तीन आठवड्यांत ते द्वेषाने आणि मृतदेहांच्या चित्रांनी भरून गेले. कंपनीची ही कागदपत्रे २०२१ साली जगापुढे आली.

तरीही पुढे पाठविणारे बोट आपलेच असते. शेजाऱ्याविरुद्ध खोट्या साक्षीची आज्ञा आपण शब्बाथ शाळेत पाठ केली. पण न पडताळलेला संदेश पुढे धाडणे म्हणजे साक्ष देणेच होय, हे आपल्या मनाला शिवत नाही. आमच्या मंडळीच्या गटावर मध्यंतरी अशीच एक बातमी फिरली. एका वडीलधाऱ्या बांधवांनी सर्वांच्या काळजीपोटीच ती पाठविली होती. ती खोटी असल्याचे मला ठाऊक होते. त्यांना वाईट वाटेल म्हणून मी गप्प बसलो.

त्या मुलाला पुण्याची हकीकत मी सांगितली. त्याने चित्रफीत पुसली नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, "मग मामांना मी काय कळवू?"

मी मोबाइलवर मंडळीचा गट उघडला. ती बातमी अजून तेथेच होती. तिच्याखाली अकरा जणांनी 'आमेन' लिहिले होते.