लायब्ररी दोन्हीकडे चालवायची तर

खजुरी, ता. आळंद

चि. बाळास,

तुझी लायब्ररी लिनक्सवर बिनबोभाट बनली आणि विंडोजवर लिंकरने तक्रारींचा पाढा वाचला, म्हणून तू विंडोजवर चिडला आहेस. चिडू नकोस. तो आज जे विचारतोय, ते लिनक्सने विचारलंच नव्हतं, एवढंच.

आपली तूर आळंदला घाल की उमरग्याला, दाणा तोच. पट्टी ज्या त्या अडतीची. तसा तुझा कोड एकच ठेव आणि सिस्टिमपरत्वे बदलणारं सगळं एका हेडरमध्ये कोंड.

लिनक्सच्या डॉट एसओमधली फंक्शनं एरवी सगळ्यांना दिसतात. डीएलएलमधून मात्र मुद्दाम बाहेर दिलेलीच दिसतात. हीच कडक रीत दोन्हीकडे लाव. एक मॅक्रो कर: विंडोजवर लायब्ररी बनवताना तो 'डीएलएलएक्स्पोर्ट' होईल, वापरताना 'डीएलएलइम्पोर्ट'. लिनक्सवर जीसीसीला 'व्हिजिबिलिटी हिडन' सांग. ही सोय २००५ च्या ४.० आवृत्तीपासून आहे. डॉट एसओ बनवताना एखादं फंक्शन सापडलं नाही तरी लिनक्सचा लिंकर सहसा गप्प बसतो. त्याला 'नो-अनडिफाइन्ड' सांगून बोलतं कर.

मेमरी ज्याने घेतली, त्यानेच सोडावी. विंडोजवर प्रोग्राम आणि डीएलएल यांचे सी-रनटाइम वेगळे असू शकतात. एकाने घेतलेली मेमरी दुसऱ्याने सोडली की प्रोग्राम कोसळू शकतो. 'लाँग'वरही विसंबू नकोस: ६४-बिट लिनक्सवर तो ८ बाइटांचा, विंडोजवर ४ चाच. ठरलेल्या मापाचे प्रकार वापर.

नमुना हवा असेल तर हार्फबझ ही लायब्ररी वाच. आतून सी++, पण बाहेरचं दार साध्या सीचं. बफर बनवायचं फंक्शन तिचं, मोडायचंही तिचंच. आतली रचना वापरणाऱ्याला दिसत नाही. २०१७ मध्ये आलेल्या ५.३ आवृत्तीपासून लिबरऑफिस लिनक्स आणि विंडोज दोन्हींवर अक्षरं जुळवायला हीच लायब्ररी वापरतं. त्याआधी विंडोजवर ते काम विंडोजच्याच युनिस्क्राइबकडे होतं. आपली जोडाक्षरं आता दोन्हीकडे एकाच कोडमधून जुळतात.

आधी लिनक्स पुरं करू, विंडोजचं मग बघू, असं म्हणू नकोस. पहिल्या फंक्शनपासून दोन्ही बिल्ड रोज चालव. आणि बाहेर द्यायच्या फंक्शनांची यादी आजच कागदावर लिही. ती एका पानात मावत नसेल, तर नवा कोड थांबव आणि आधी यादी छाट.

तुझा,
काका