ठेवायचं की सोडायचं

नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणारे पासधारक क्रिकेटवर दोनदा भांडतात. एकदा इगतपुरी यायच्या आधी आणि एकदा कल्याण गेल्यावर. मधल्या वेळात झोपतात. आठवड्यातून दोन दिवस मीही त्या गाडीत असतो. डिसेंबर २०२५ मध्ये, अबू धाबीच्या आयपीएल लिलावाच्या दुसऱ्या दिवशी, भांडण पृथ्वी शॉवरून होतं. आधी पुकारलं तेव्हा त्याला कुणी घेतलं नव्हतं. शेवटी दिल्ली कॅपिटल्सने ७५ लाखांच्या मूळ किमतीला घेतलं. खिडकीजवळचे काका म्हणाले, "अजून किती चान्स द्यायचे एखाद्याला?" समोरचा पोरगा म्हणाला, "काका, सव्वीस वर्षांचा आहे हो तो." दोघांचंही बरोबर होतं, म्हणून भांडण कल्याणनंतरही चाललं.

नाशिककरांना यात जरा जास्त रस असण्याचं कारण म्हणजे नाशिक महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनकडे येतं, मुंबईकडे नाही. २०२५ मध्ये शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे आला आणि आपल्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर (गोल्फ क्लब म्हटल्याशिवाय रिक्षावाल्याला ते कळत नाही) रणजी खेळणाऱ्या संघाचा झाला. परक्याचं पोर होतं तोवर सल्ला देणं सोपं होतं.

गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी तिचा क्रम महत्त्वाचा आहे. २०१३ मध्ये हॅरिस शील्डमध्ये ५४६. २०१८ च्या फेब्रुवारीत कप्तान म्हणून एकोणीस वर्षांखालचा विश्वचषक, ऑक्टोबरमध्ये राजकोटला कसोटी पदार्पणात १३४. २०१९ मध्ये उत्तेजक चाचणीत दोषी ठरून आठ महिन्यांची बंदी. २०२०-२१ च्या विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९. रणजीत त्याहून मोठी खेळी एकच आहे, भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३. आणि त्याच २०२३ च्या आयपीएलमध्ये आठ सामन्यांत १०६ धावा, दिल्ली दहा संघांत नववी.

त्या नवव्या नंबरवर बसलेल्या दिल्लीने काय करायला हवं होतं? २०२१ च्या शेवटी संघांनी ठरावीक खेळाडूच राखायचे होते, तेव्हा दिल्लीच्या चार नावांत साडेसात कोटींना शॉ होता. श्रेयस अय्यर नव्हता. पुढे अय्यरने २०२४ मध्ये कोलकात्याला कप्तान म्हणून विजेतेपद मिळवून दिलं. आज मागे वळून दिल्लीला हसणं सोपं आहे. पण २०२१ च्या हंगामात शॉने ४७९ धावा केल्या होत्या. हसणाऱ्यांपैकी कितीजण तेव्हा त्याला सोडा म्हणाले असते? मी तरी नसतो म्हणालो.

उलट दिशेचं उदाहरण त्याच मुलाच्या बाबतीत सापडतं. डिसेंबर २०२०, ॲडलेड. शॉ ० आणि ४, दोन्ही वेळा त्रिफळाचित. दुसऱ्या डावात भारत सर्वबाद ३६, म्हणजे अपयश काही एकट्याचं नव्हतं. पुढच्या मेलबर्न कसोटीत त्याला वगळून शुभमन गिलला पदार्पण दिलं. हा गिल २०१८ च्या त्या एकोणीस वर्षांखालच्या संघात शॉचा उपकप्तान होता. शॉ त्यानंतर कसोटी खेळलेला नाही. एकूण पाच कसोटी, सरासरी बेचाळीसच्या वर. गिल २०२५ मध्ये भारताचा कसोटी कप्तान झाला. मग त्याला वगळणं बरोबर ठरलं ना? इथे मला थांबावंसं वाटतं. गिलने नंतर काय केलं, यावरून शॉला एका कसोटीत वगळणं न्याय्य होतं का हे ठरत नाही. गिललाही पुढे अर्धशतकाविना डझनभर डाव मिळाले, संघाने धीर धरला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये विशाखापट्टणमला त्याने शतक केलं. एकाला एक सामना आणि दुसऱ्याला डझनभर डाव, हा फरक गुणांचा असेलही. पण निकाल लागल्यावरच तो गुणांचा दिसायला लागतो.

आम्हा इंजिनिअर लोकांना अशा ठिकाणी सूत्र आठवतं: जुन्या गुंतवणुकीकडे बघू नका, पुढच्या परताव्याकडे बघा. सूत्र चुकीचं नाही. पण त्यात माणूस ही एक रक्कम असते, आणि मुख्य म्हणजे रकमा दोनच असतात, संघ आणि तो खेळाडू. तिसरा कुठेच नसतो.

तिसरा कोण, हे मुंबईच्या क्रिकेटने फार पूर्वी दाखवून ठेवलंय. १९८८ मध्ये ज्या हॅरिस शील्डमध्ये तेंडुलकर आणि कांबळीने ६६४ ची भागी केली, त्याच सामन्यात पुढचा फलंदाज पॅड बांधून बसला होता. अमोल मुझुमदार. भागी संपली नाही, त्याची बॅटिंग आली नाही. पुढे त्याने रणजी पदार्पणात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, आणि भारताकडून एकही सामना खेळला नाही. त्याच्या प्रशिक्षणाखाली भारताच्या महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत विश्वचषक जिंकला तेव्हा आपण सगळे गहिवरलो. पण तो गहिवर मुझुमदारला पॅड बांधून बसवून ठेवल्याचं समर्थन नव्हे. कांबळीबद्दल हळहळणारे हजारो भेटतात, १७ कसोटी आणि ५४ ची सरासरी पाठ असणारे. मुझुमदारसाठी हळहळ त्या मानाने फार उशिरा सुरू झाली.

मला हे सुचण्याचं कारण क्रिकेट नाही. मागच्या वर्षी माझ्या टीममध्ये एक मुलगा होता. नाव, कंपनी सांगत नाही. प्रोजेक्ट रखडलेला, क्लायंट वैतागलेला. हा मुलगा आमच्यातला सगळ्यात हुशार. तीन दिवसांचं काम एका रात्रीत करायचा आणि मग दोन आठवडे काहीच नाही. त्याचं अर्धवट काम पूर्ण करायची एक मुलगी, शांतपणे, रात्री उशिरापर्यंत बसून. मॅनेजरने मला विचारलं, याला ठेवायचं की सोडायचं? मी म्हणालो, ठेवू या, एकदा लाईनवर आला की प्रोजेक्ट ओढून नेईल. आठ महिने मी हेच म्हणत राहिलो. मला स्वतःच्या धीराचं कौतुकही वाटायचं. त्या आठ महिन्यांत मी त्याच्याशी एकदाही स्पष्ट बोललो नाही. नवव्या महिन्यात त्या मुलीने राजीनामा दिला. कारण विचारलं तर म्हणाली, "काही नाही सर, पर्सनल आहे." मी ते मान्य केलं, कारण मान्य करणं सोयीचं होतं.

बुडत्या संघाला तरुण हुशार मुलगा दोन कामांसाठी हवा असतो. ठेवला तर आशा म्हणून: अजून हा आहे, अजून सगळं संपलेलं नाही. काढला तर पुरावा म्हणून: बघा, आम्ही काहीतरी केलं. दोन्ही वेळा विचार संघाच्या दुखण्याचा चाललेला असतो, मुलाचा नाही. माझा धीर पहिल्या जातीचा होता. तो मुलगा गेला असता तर प्रोजेक्ट वाचणार नाही हे मला कबूल करावं लागलं असतं.

आपली भाषाही यात मदत करत नाही. आपण 'संधीचं सोनं केलं' म्हणतो, म्हणजे संधी देणाऱ्याचं काम देण्यापाशी संपलं, सोनाराचं काम घेणाऱ्याचं. आणि फसला तर 'वाया गेला' म्हणतो. वाया जाते ती कुणाच्या तरी मालकीची वस्तू. शॉची बॅट गाडीतल्या काकांच्या मालकीची कधी झाली? कांटने अंगचे गुण वाढवणं हे माणसाचं कर्तव्य मानलं होतं, पण ते स्वतःप्रति. प्रेक्षकांनी वसूल करायचं ते कर्ज नव्हतं. त्याने फिटनेस सांभाळला नाही तर संघाला त्याला वगळण्याचा पूर्ण हक्क आहे. त्याने आपला विश्वासघात केला असं म्हणण्याचा हक्क मात्र आपल्याला नाही.

म्हणून मला ऑक्टोबर २०२४ मधला मुंबईचा निर्णय, त्याला रणजी संघातून वगळण्याचा, दिल्लीच्या आधीच्या धीरापेक्षा बरा वाटतो. बातम्यांत कारणं फिटनेस आणि शिस्त अशी आली. म्हणजे आज डोळ्यांना दिसणाऱ्या, उद्या बदलता येणाऱ्या गोष्टी. ५४६ मध्ये काय दडलंय, याचा अंदाज त्यात करावा लागत नाही. त्याच्या जागी अखिल हेरवाडकरला घेतलं, म्हणजे पॅड बांधून बसलेल्या कुणाची तरी बॅटिंग आली. पुढच्याच महिन्यात लिलावात शॉला कुणी घेतलं नाही. मग त्याने संघ बदलला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये चंडीगडविरुद्ध महाराष्ट्राकडून २२२ केल्या. वगळल्यामुळे तो सुधारला असं मी म्हणणार नाही, तेही निकालावरून न्याय करणंच झालं. एवढंच म्हणतो की वगळल्याने तो संपला नाही. दिल्लीनेही साडेसात कोटींच्या जागी ७५ लाखांना घेतलं तेव्हा त्याच्यावरचं ओझं कमी केलं. साडेसात कोटींत संघाचं भविष्य विकत घ्यायचं असतं, ७५ लाखांत एक सलामीचा फलंदाज.

माझा तो मुलगा अजून टीममध्ये आहे. ती मुलगी गेल्याच्या पुढच्या सोमवारी मी त्याला चहाला खाली नेलं आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं: कुठलं काम कोण पूर्ण करत होतं, किती रात्री, आणि आता ते कुणी करणार नाही. तीन महिन्यांची तारीख दिली. तो बराच वेळ कप हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला, "सर, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

त्या मुलीला मी अजून फोन केलेला नाही.