झोप कशी लागते?

गेल्या दिवाळीत राहनाळला शेजारच्या मावशींनी फराळाचे ताट पुढे ठेवले आणि त्याबरोबर एक प्रश्नही. "भाऊ, चोराची बाजू घेऊन तुला झोप कशी लागते रे?"

आमच्या गावाभोवती गोदामेच गोदामे. मावशींचा मुलगा त्यांतल्याच एका गोदामावर रात्री पहारा करतो. उद्या तिथे माल कमी भरला, तर पहिला हात त्याच्याच खांद्यावर पडेल, हे उत्तर माझ्या ओठांवर आले होते. पण सणाच्या दिवशी आईला असले काही बोलू नये.

खरे म्हणजे आपला अशील चोर आहे की नाही, हे वकिलाला बहुधा ठाऊकच नसते. एक गोष्ट अशिलाने सांगितलेली असते, दुसरी पोलिसांनी लिहिलेली. दोन्ही ऐकीव! कधी ठाऊक असते, हेही कबूल करतो. तेव्हा खोटा साक्षीदार मला उभा करता येत नाही. परंतु पंचाने सही मुद्देमाल पाहून केली की ठाण्यात चहा पिताना, हे उलटतपासणीत विचारायचे सोडताही येत नाही. 1 जुलै 2024 पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक केले आहे. चांगले झाले. पण चित्रफितीलाही प्रश्न विचारणारा कोणी लागतोच.

मी मावशींना नाशिकचा खटला सांगितला. 2003 साली एका कुटुंबावर दरोडा पडला, पाच जीव गेले. सहा गरीब माणसे पकडली गेली. 2006 मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तर 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीच दिली. पुढे त्याच न्यायालयाने प्रकरण नव्याने ऐकले आणि 5 मार्च 2019 रोजी सहाही जण निर्दोष ठरले. घटनेनंतर दोनच दिवसांनी, वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून दुसरीच चार माणसे ओळखली होती. सरकारपक्षाने ते न्यायालयापुढे आणलेच नव्हते. भरपाई मिळाली प्रत्येकी पाच लाख रुपये, आणि गेली होती सोळा वर्षे.

मी नवा होतो तेव्हा एका हमालाच्या खटल्यात पंचाला एक प्रश्न विचारायचा राहून गेला. घरी येताना बसमध्ये तो आठवला. हमालाला सहा महिने झाले. त्याने चोरी केली होती की नाही, मला आजही माहीत नाही. सुटलेल्या माणसांनी माझी झोप फारशी मोडली नाही. त्या एका प्रश्नाने मात्र पुष्कळदा मोडली आहे.

मावशींनी सगळे ऐकून घेतले. चकलीचा तुकडा हातातच राहिला होता.

"आणि ती पाच माणसं मेली ती?" त्या म्हणाल्या. "त्यांना मारणारे कुठे गेले?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी चहाचा कप उचलला. तो केव्हाच निवला होता.