बाजूच्या दाराने

शिकागोच्या हॉलस्टेड स्ट्रीटवर १८८९ मध्ये जेन अ‍ॅडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोघी मैत्रिणींनी ‘हल हाउस’ सुरू केलं. भोवती इटालियन, ग्रीक, रशियातून आलेले ज्यू अशा स्थलांतरितांची दाट वस्ती. दिवसभर कारखान्यात राबलेली माणसं संध्याकाळी तिथे इंग्रजी शिकायला येत. शिकवणारी मंडळी बहुतेक सुखवस्तू घरांतली आणि बिनपगारी.

अ‍ॅडम्सबाईंच्या १९१० साली आलेल्या आठवणींत अँजेलिना नावाची एक इटालियन मुलगी भेटते. दर शनिवारी ती स्वयंपाकाच्या वर्गाला यायची. त्याच इमारतीत तिची आई पाहुण्यांना सूतकताई करून दाखवायची. डोक्याला रुमाल, पायांत ओबडधोबड बूट, आखूड परकर असा आईचा वेश. मुलगी आईला पुढच्या दाराशी सोडून स्वतः बाजूच्या दाराने आत शिरे. ही आपली आई, हे मैत्रिणींना कळायला नको! पुढे एकदा शिक्षणशास्त्राचे अभ्यासक आईभोवती कौतुकाने जमलेले तिने पाहिले. टकळीवर सूत कातण्यात आपल्या आईचा हात धरणारं अमेरिकेत कोणी नाही, असं त्यांच्या बोलण्यावरून तिला वाटलं. मग तीही आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

गोष्ट गोड आहे, पण थोडी खुपतेही. पोटच्या मुलीला आईची किंमत कळायला बाहेरचे शिकलेले पाहुणे यावे लागले. आजही स्थलांतरितांच्या मुलांना इंग्रजी शिकवायला बसलेल्या स्वयंसेवकाच्या हाती नेमकं हेच वजन असतं, त्याला ते हवं असो वा नसो. चौदा-पंधराव्या वर्षी पोरांचं लक्ष व्याकरणाइतकंच समोरच्याच्या भुवयांकडेही असतं. आईबापांच्या तोडक्यामोडक्या इंग्रजीवर तो हसला, तर ते त्यांना बरोबर समजतं.

त्यातून या वयात उलटीच उतरंड लागते. बँकेचं पत्र, घरमालकाची नोटीस, डॉक्टरांचं निदान, सगळं मूलच आईबापांना समजावून सांगतं. आईच्या दुखण्याची बातमी आईला सांगायची पाळी मुलावर यावी, हे किती अवघड! २०१६ च्या अमेरिकी आरोग्य नियमांनी तातडीचा प्रसंग वगळता अल्पवयीन मुलांना दुभाषे म्हणून वापरायला मनाई केली, ती उगीच नव्हे.

वेळेचंही गणित आहे. टोरोंटोचे भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार बोलण्यापुरतं इंग्रजी साधारण दोन वर्षांत येतं, अभ्यासाचं इंग्रजी यायला मात्र पाच ते सात वर्षं लागतात. पंधराव्या वर्षी आलेल्या मुलाकडे शाळेची तीन-चार वर्षंच उरलेली असतात. चार आठवडे उत्साहाने येऊन पाचव्या आठवड्यापासून गायब होणारा स्वयंसेवक, म्हणून, न आलेलाच बरा.

हे काम मुळात कोणाचं, हाही प्रश्न उरतोच. सॅन फ्रान्सिस्कोत इंग्रजी न येणाऱ्या सुमारे १,८०० चिनी मुलांना शाळेत भाषेची कसलीच जादा मदत मिळत नव्हती. १९७४ मध्ये ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं की सर्वांना सारखी पुस्तकं आणि सारखे शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली, असं होत नाही. स्वयंसेवकांच्या भल्या मनावर शाळांनी आपली जबाबदारी ढकलू नये, हे त्यातून उघड आहे.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींना यातलं दुखणं घरच्या अनुभवातून ठाऊक असतं. रविवारच्या मराठी शाळाही तिथे स्वयंसेवकच चालवतात, आणि पोरं मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देतात. फरक इतकाच की या पोरांपैकी बहुतेकांना आईबापांची नोटीस वाचून दाखवावी लागत नाही.

न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये १९८५ साली लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजात ‘इंटरनॅशनल हायस्कूल’ निघालं, ते खास नव्याने आलेल्या किशोरांसाठी. त्या धर्तीवर पुढे अनेक शाळा उभ्या राहिल्या. तिथे मुलं गटात बसतात, जीवशास्त्राचा एखादा मुद्दा आधी आपल्या भाषेत आपसांत घोळवतात आणि मग इंग्रजीत मांडतात. अशा गटाशेजारी बसणाऱ्या स्वयंसेवकाला बराच वेळ काहीही कळत नाही, आणि विचारायचं झालं तर त्यालाच मुलांना विचारावं लागतं.