कोणाला बाप म्हणावे?



शब्बाथ शाळेत सहाव्या आज्ञेचा पाठ चालला असता एका मुलाने विचारले, "सर, सिनेमातला डॉन गरिबांना न्याय मिळवून देतो. मग तो पापी कसा?" त्याला दटावून गप्प करणे सोपे होते, पण प्रश्न खरा होता.

आजच्या सिनेमातील डॉनचा मूळपुरुष १९७२ सालच्या 'द गॉडफादर' या अमेरिकन चित्रपटात सापडतो. हिंदीतील 'धर्मात्मा' (१९७५) त्यावरच बेतलेला. 'गॉडफादर' हा शब्द मुळात मंडळीचा आहे : बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता. चित्रपटाच्या आरंभी, मुलीला निर्दयपणे मारहाण झालेला एक बाप डॉनकडे येतो, कारण न्यायालयाने गुन्हेगारांना मोकळे सोडले आहे. येथेच आपले मन फसते. न्यायाची भूक देवानेच आपल्या ठायी ठेवली आहे. ती भागवणारा खुनी असला तरी तो बापासारखा वाटू लागतो.

मूळ कादंबरीचे लेखक मारिओ पूझो यांनी पुढे स्वतःच सांगितले की, ती लिहिताना आपण खऱ्या गुंडाला कधी भेटलोही नव्हतो. त्यांचा डॉन मादक पदार्थांच्या धंद्याला नकार देतो. प्रत्यक्षात सिसिलीच्या माफियाने अमेरिकेत पिझ्झाच्या दुकानांआडून हेरॉइन विकले, आणि १९८५ ते १९८७ या काळात न्यूयॉर्कमध्ये त्याचा खटला चालला. माफिया मुलांना हात लावत नाही, असेही लोक म्हणतात. सिसिलीत १९९३ साली, बाप साक्षीदार झाला म्हणून १२ वर्षांच्या मुलाला माफियाने पळवले, दोन वर्षांहून अधिक काळ कोंडून ठेवले आणि १९९६ साली गळा आवळून मारले.

मग पाप दाखवणे हेच पाप काय? नव्हे. पवित्र शास्त्र दावीद राजाचे पाप झाकत नाही. पण तेथे मारल्या गेलेल्या उरीयाला नाव आहे, आणि नाथान संदेष्टा राजासमोर उभा राहतो. 'गॉडफादर'मधील तरुण डॉन बाप्तिस्म्याच्या विधीत सैतानाचा धिक्कार करतो, त्याच घटकेला त्याची माणसे खून पाडतात; पुढे त्याच बाळाच्या बापालाही तो मारवतो. हे ढोंग दिग्दर्शकाने उघडे केले आहे, हे कबूल केले पाहिजे. तरी प्रेक्षक घरी नेतात तो डॉनचा रुबाब. मेलेल्यांच्या घरी कॅमेरा जात नाही.

पालेर्मो शहरातील ब्रांकाच्चो वस्तीत पीनो पुलीसी हे कॅथलिक धर्मगुरू मुलांना माफियापासून दूर ठेवण्यासाठी झटत होते. त्यांनी काढलेल्या केंद्राचे नाव होते 'आमचा पिता'. १५ सप्टेंबर १९९३ रोजी, त्यांच्या ५६ व्या वाढदिवशी, माफियाने त्यांना गोळी घातली.

त्या मुलाला मी म्हटले, "डॉन न्याय देत नाही, कर्ज देतो, आणि एक दिवस ते वसूल करतो. ख्रिस्ताने दुसऱ्याचे रक्त मागितले नाही, स्वतःचे दिले." मुलाची समजूत पटली असावी. माझ्या मनात मात्र दुसरा प्रश्न राहिला. अन्याय झालेला एखादा बाप उद्या आपल्या मंडळीच्या दाराशी आला, तर त्याच्याबरोबर पोलीस ठाण्यापर्यंत, कचेरीपर्यंत आपल्यापैकी कोण चालत जाईल?