सोळा वर्षे पुरलेली गाणी

27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात मंजूर झाला आणि मराठवाड्यातल्या दलित वस्त्या पेटल्या. नांदेड जिल्ह्याला त्याची मोठी झळ बसली. टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. ठराव अमलात यायला, म्हणजे विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला, 14 जानेवारी 1994 उजाडले.

मधली सोळा वर्षे उमेद टिकली कशी? मोर्चे निघाले, सत्याग्रह झाले, माणसे तुरुंगात गेली. आणि आंबेडकर जयंतीच्या रात्री नांदेड-लातूरच्या वस्त्यांत भीमगीते, म्हणजे आंबेडकरांवरची गाणी, गाणारी गायन पार्टी उभी राहत होती.

या गाण्यांचा मोठा झरा म्हणजे वामनदादा कर्डक (1922–2004). सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा हा माणूस मुंबईत मोठेपणी लिहायला-वाचायला शिकला आणि पुढे गावोगाव गात फिरला. भीमगीतांच्या चाली अनेकदा लोकगीतांच्या नाहीतर सिनेमातल्या. पेटी, ढोलकी, दोन-चार कोरसवाले एवढ्यावर मैफल जमे. चाल ओळखीची, धृपद सोपे. तिसऱ्या वेळेपर्यंत समोरची बाया-माणसेच कोरस होत.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात ‘वुई शॅल ओव्हरकम’ गाजले. त्याची आशा उद्यावर आहे. भीमगीताची आशा मात्र घडून गेलेल्या गोष्टीवर उभी असते: वर्गाबाहेर बसवलेला मुलगा देशाच्या घटनेचा शिल्पकार झाला. अशक्य ते एकदा झालेच आहे, मग विद्यापीठाच्या नावाचे काय एवढे? म्हणूनच ही आशा भाबडी वाटत नाही.

या गाण्यांना मर्यादाही होती. गाण्याने वस्ती एक केली, अख्खे गाव नाही. गायक प्रल्हाद शिंदे यांचा आवाज मात्र वेस ओलांडून गेला. विठ्ठलाची गाणी आणि भीमगीते एकाच गळ्यातून कॅसेटवर आली. पंढरीच्या वाटेवर आणि जयंतीच्या मंडपात तोच आवाज घुमला. त्याने वैर मिटले नाही, पण दोन्हीकडचे कान एका गळ्याचे झाले.

नामविस्ताराच्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूर जिल्हाही त्याच्याच कार्यक्षेत्रात येतो. गायन पार्ट्यांची कितीतरी गाणी हस्तलिखित वह्यांत आणि म्हाताऱ्या गळ्यांत आहेत. ती गोळा करून, आवाजासकट जपण्याचे काम या विद्यापीठाने आणि दोन्ही जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांनी हाती घ्यावे, आणि ते गाणारे हयात आहेत तोवरच घ्यावे.