श्रेयनामावलीबाहेरचा कारागीर

मिशेल फूको यांनी ‘लेखक म्हणजे काय?’ हे व्याख्यान पॅरिस येथे १९६९ च्या फेब्रुवारीत दिले. डेनिस हॉपर दिग्दर्शित ‘ईझी रायडर’ हा अमेरिकी चित्रपट त्याच वर्षी प्रदर्शित झाला. हा अर्थात निव्वळ योगायोग आहे. परंतु कर्त्याचे नाव ही नैसर्गिक वस्तू नसून ती एक सामाजिक व्यवस्था आहे, या फूकोंच्या मांडणीची कसोटी पाहायची, तर ती ग्रंथालयापेक्षा या चित्रपटातील मोटारसायकलींवर अधिक चांगली पाहता येते. कर्त्याच्या मृत्यूची चर्चा आपण बहुधा ज्यांना नाव लाभले त्यांच्यासंदर्भातच केली. ज्याला नाव मिळालेच नाही, त्याच्या बाबतीत या कल्पनेला कोणता नैतिक अर्थ उरतो?

चित्रपटात दोन गौरवर्णीय तरुण मोटारसायकलींवरून लॉस एंजेलिसहून न्यू ऑर्लिन्सकडे निघतात. टाकीवर अमेरिकी ध्वज रंगवलेली ‘कॅप्टन अमेरिका’ ही गाडी पुढे एका अख्ख्या पिढीच्या स्वातंत्र्यकल्पनेची खूण ठरली. या गाड्यांच्या घडणीमागे क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी हे दोन कृष्णवर्णीय होते. व्हॉज हे नागरी हक्कांच्या चळवळीतील विद्यार्थी संघटनेचे छायाचित्रकार. मेरीलँडमधील केंब्रिज येथे १९६४ मध्ये नॅशनल गार्डचे जवान त्यांना ओढून नेत असतानाचे डॅनी लायन यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. हार्डी लॉस एंजेलिसमध्ये मोटारसायकली बांधत. पोलिसांनी लिलावात काढलेल्या जुन्या हार्ले-डेव्हिडसन घेऊन या गाड्या उभ्या राहिल्या. श्रेयनामावलीत मात्र दोघांचेही नाव नाही.

‘चॉपर’ म्हणजे छाटलेली गाडी. कारखान्याने दिलेले जे जे अनावश्यक ते काढून टाकायचे, सांगाड्याची मान कापून ती अधिक तिरकी जोडायची, पुढचा फोर्क लांबवायचा. हा कोन जरासा चुकला, तरी संथ वेगात पुढचे चाक आपोआप एका बाजूला कलंडू लागते. म्हणजे हा केवळ सजावटीचा प्रश्न नव्हे. उपलब्ध संहितेतून वगळत, कापत, जोडत नवी संहिता सिद्ध करणे याला आपण साहित्यात निःसंकोच सर्जन म्हणतो. तेच काम वेल्डिंगच्या ज्वाळेने झाले की त्याला ‘दुरुस्ती’ म्हणण्याची आपली सवय तपासून पाहण्याजोगी आहे.

कारागिराला नावाची आस नसते, त्याचे समाधान कृतीतच असते, असा एक युक्तिवाद नेहमी केला जातो. तो उदात्त वाटतो. पण बहुधा तो कारागिराने केलेला नसतो. शिवाय येथे दोन अनामिकतांची गल्लत होते. जिथे कोणाचेच नाव कोरलेले नाही तिथली अनामिकता ही एक जीवनदृष्टी असू शकते. जिथे इतरांची नावे पडद्यावर सरकत जातात आणि यांचीच तेवढी नसतात, तिथली अनामिकता हा कोणीतरी केलेला निर्णय असतो. याच चित्रपटाच्या पटकथेच्या श्रेयावरून हॉपर, पीटर फोंडा आणि टेरी सदर्न यांच्यात पुढे दीर्घकाळ कटुता राहिली. नावाचे मोल तिथे सर्वांना नीट ठाऊक होते!

चित्रीकरणानंतर उरलेल्या गाड्या चोरीला गेल्या. २०१४ मध्ये ‘कॅप्टन अमेरिका’ म्हणून सांगितल्या गेलेल्या एका गाडीला लिलावात साडेतेरा लाख डॉलरची बोली लागली. तिच्या अस्सलपणाविषयी वाद झाला. अस्सलपणा म्हणजे काय, हा प्रश्न या वादात कोणत्या अर्थाने विचारला गेला, हे लक्षणीय आहे. ती चित्रपटात खरोखर वापरली गेली होती का, एवढेच पाहिले गेले. ती कोणाच्या हातची, ही विचारणा किमतीच्या गणितात दुय्यमच राहिली.

आता ही दोन नावे यादीत घातली म्हणजे प्रश्न मिटला, असे मानणे मला कठीण वाटते. त्यामुळे एकट्या प्रतिभावंताची जुनीच मिथ्यकथा नव्या नायकांसह पुन्हा उभी राहते आणि ज्या इतर हातांनी ही कामे पार पाडली ते पुन्हा बाहेर राहतात. तरीही नाव नाकारणे आणि नावापलीकडे जाणे या भिन्न कृती आहेत. दुसरीचा अधिकार ज्याला नाव मिळाले आहे त्यालाच असतो. व्हॉज २०१६ पर्यंत जगले. त्यांचे म्हणणे नोंदवून घेणारे अभ्यासक उशिरा का होईना त्यांना भेटले. हार्डी १९९४ मध्येच गेले होते.